‘स्टॉक’ या एका शब्दावर पारखलेले इंग्रजी शब्दकोश

सांगलीच्या मार्केट यार्डात स्टॉक म्हणजे गोदामात थप्पी लावून ठेवलेली हळद किंवा कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा. तासगाव, पलूस, मिरज पट्ट्यातल्या द्राक्षबागेत रूटस्टॉक म्हणजे डॉगरिज जातीचा खुंट, ज्यावर कलम बांधतात. झेडपीच्या शाळेत डेडस्टॉक म्हणजे बाकं, कपाटं, खडूचे फळे, घंटा. मिरज जंक्शनवर रोलिंग स्टॉक म्हणजे इंजिनं, डबे आणि वाघिणी. मोबाईलवर भाव बघणाऱ्याचा स्टॉक आणखी निराळा, आणि हॉटेलच्या भटारखान्यातला तर पातेल्यात उकळत असतो.

इंग्रजी शब्दकोश घ्यायचा असेल तर दुकानात उभ्या उभ्या हाच शब्द उघडून बघावा. मुखपृष्ठावर शब्दसंख्या मोठ्या अक्षरात छापणं सोपं आहे, ‘स्टॉक’ नीट मांडणं अवघड आहे. तीन गोष्टी तपासायच्या. प्रत्येक अर्थ कुठल्या क्षेत्रातला हे लगेच कळतं का? शेतीचे अर्थ ठेवलेत की गाळलेत? आणि हे सगळे अर्थ एका शब्दात कसे आले हे सांगितलंय का, आणि जिथे खात्री नाही तिथे ‘खात्री नाही’ असं लिहिलंय का? या तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक कोश अडखळतात, आणि आमच्या मते खरा कस तिथेच लागतो.

आधी शब्दाचं मूळ बघू, कारण त्याशिवाय कोशाची पारख करता येणार नाही. जुन्या इंग्रजीत हा शब्द होता ‘स्टॉक्क’, आणि त्याचा अर्थ झाडाचं खोड, ओंडका, जमिनीत रोवलेला खांब. जर्मन आणि डच भाषांत त्याचीच भावंडं आजही काठी या अर्थाने वापरात आहेत. खोडापासून पुढचे अर्थ फुटत गेले. ज्या खोडावर दुसऱ्या जातीची काडी बांधायची ते खोड, म्हणजे कलमाचा खुंट, हा अर्थ चौदाव्या शतकात रुळला. घराण्याचं मूळ, वंश हाही त्याच शतकातला. गुन्हेगाराचे पाय अडकवायची लाकडी चौकट म्हणजे ‘स्टॉक्स’. मराठीत खोडापासून ‘खोडा’ झाला, तो हुबेहूब याच वस्तूसाठी, आणि पुढे आपण कामात खोडा घालू लागलो. बंदुकीचा लाकडी दस्ता हाही स्टॉकच. ‘लॉक, स्टॉक अँड बॅरल’ म्हणजे झाडून सगळं, हा वाक्प्रचार बंदुकीच्या तीन भागांवरून आला: चापाची यंत्रणा, दस्ता आणि नळी.

इथपर्यंत वाट सरळ आहे. पंधराव्या शतकात हाच शब्द ‘पुढच्या वापरासाठी राखलेला साठा’ आणि त्यापाठोपाठ ‘पैशाची रक्कम, भांडवल’ या अर्थाने दिसू लागतो, आणि तिथे वाट धूसर होते. खोडातून फांद्या फुटतात तसा मुद्दलातून नफा फुटतो, ही एक उपपत्ती. पैसे ठेवायची पेटी पूर्वी ओंडका कोरून करत आणि तिला स्टॉक म्हणत, ही दुसरी. अभ्यासकांनी यातली एक पक्की केलेली नाही. पहिली उपपत्ती मराठी माणसाला लगेच पटते, कारण संस्कृतात ‘मूल’ म्हणजे झाडाचं मूळही आणि व्यापारातलं मुद्दलही, आणि ‘मूल्य’ हा शब्द त्याच्यापासूनच निघाला. पण पटणं हा पुरावा नव्हे, हे चांगला कोश विसरत नाही.

पैशाच्या अर्थाशी एक लाकडी वस्तू जोडलेली आहे, तिची माहिती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यात बाराव्या शतकापासून जमा रकमेची पावती लाकडाच्या काठीवर द्यायचे. हेझल झाडाची काठी घ्यायची आणि रकमेप्रमाणे तिच्यावर आडव्या खाचा पाडायच्या. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीएवढी, शंभराची अंगठ्याएवढी, वीसची करंगळीएवढी, एका पौंडाची जवाच्या दाण्याएवढी. मग ती काठी उभी चिरायची, म्हणजे दोन्ही तुकड्यांवर त्याच खाचा येतात. मुठीसकटचा लांब तुकडा पैसे देणाऱ्याकडे जायचा, त्याचं नाव ‘स्टॉक’. आखूड तुकडा खजिन्यात राहायचा, त्याचं नाव ‘फॉइल’. हिशेबाच्या वेळी दोन्ही तुकडे जुळवायचे. लाकडाच्या शिरा आणि खाचा जुळल्या नाहीत तर लबाडी उघड. या काठ्यांची पद्धत 1826 साली बंद झाली. 16 ऑक्टोबर 1834 रोजी लंडनमध्ये पार्लमेंटच्या इमारतीखालच्या भट्ट्यांत साठलेल्या जुन्या काठ्या जाळायला घेतल्या, आग आवाक्याबाहेर गेली आणि इमारत जळाली. त्या काठीला ‘टॅली’ म्हणत. आज यार्डातल्या अनेक अडतींवर हिशेबाचं जे सॉफ्टवेअर चालतं त्याच्या नावातला शब्द तोच.

इंटरनेटवर अनेक ठिकाणी ठामपणे लिहिलेलं सापडतं की या काठीचा लांब तुकडा ज्याच्याकडे तो ‘स्टॉकहोल्डर’, आणि शेअर बाजाराचा स्टॉक तिथूनच आला. तुकड्याचं नाव खरं आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष सिद्ध झालेला नाही. कोश किंवा संकेतस्थळ तपासताना हीच ओळ शोधावी. ती बेधडक छापलेली असेल तर बाकीच्या व्युत्पत्तीही सावधपणे घ्याव्यात.

आता एकेक कोश घेऊ.

ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी बारावीच्या, स्पर्धा परीक्षेच्या आणि बँकेच्या परीक्षेच्या मुलांकडे सर्वांत जास्त दिसते. दहावी आवृत्ती 2020 सालची. लांब नोंदीत प्रत्येक अर्थाच्या आधी एक छोटा दिशादर्शक शब्द असतो: पुरवठा, वित्त, जनावरं, पूर्वज, अन्न. त्यामुळे दहा ओळी वाचाव्या लागत नाहीत. नाम मोजता येतं की नाही हेही खुणेने दिलेलं असतं, आणि ‘इन स्टॉक’, ‘आउट ऑफ स्टॉक’, ‘टेक स्टॉक’ असे प्रयोग वाक्यांसह मिळतात. ब्रिटिश आणि अमेरिकी वापराचा फरक हा कोश नीट सांगतो, आणि ‘स्टॉक’च्या बाबतीत तो फरक महत्त्वाचा आहे. दुकानातल्या मालाला ब्रिटिश स्टॉक म्हणतात, तर अमेरिकी हिशेबात त्याला बहुधा इन्व्हेंटरी म्हणतात. कंपनीतल्या हिश्शाला अमेरिकेत स्टॉक, ब्रिटनमध्ये शेअर. आपल्याकडे दोन्ही चालतात, म्हणून गोंधळ होतो. मुंबईच्या शेअर बाजाराची मूळ संस्था 1875 ची, आणि तिच्या नावातच शेअर आणि स्टॉक हे दोन शब्द वेगवेगळे होते: नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन. कंपनी कायदा 2013 च्या कलम 61 प्रमाणे पूर्ण भरणा झालेले शेअर कंपनीला स्टॉकमध्ये बदलता येतात. म्हणजे कायद्याच्या भाषेत हे दोन शब्द एक नाहीत. कॉमर्सच्या मुलांनी हे लक्षात ठेवावं.

या कोशाचा उणेपणा असा की छापील प्रतीत व्युत्पत्ती मिळत नाही. त्याच कोशाच्या मोफत संकेतस्थळावर मात्र नोंदीत ‘वर्ड ओरिजिन’ अशी घडी असते, ती उघडली की थोडक्यात मूळ मिळतं. पुस्तक घेतलं असलं तरी व्युत्पत्तीसाठी संकेतस्थळ वापरावं. शेतीचे अर्थ विद्यार्थ्यांच्या कोशांत नेहमीच कमी असतात. कलमाचा अर्थ हवा असेल तर सरळ ‘रूटस्टॉक’ (खुंट) आणि ‘सायन’ (कलमाची काडी) शोधावं.

कन्साइज ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी आम्हाला सगळ्यांत जास्त पटते. पहिली आवृत्ती 1911 ची, बारावी 2011 ची. वाक्यं फारशी नाहीत, उच्चाराच्या खुणा मोजक्याच, त्यामुळे नवख्याला हा कोश कोरडा वाटेल. पण आजचा मुख्य अर्थ आधी, मग बाकीचे, आणि नोंदीच्या तळाशी ‘ओरिजिन’ ही ओळ. ‘स्टॉक’च्या नोंदीत तळाची ती ओळ आधी वाचायची: जुनी इंग्रजी, खोड, ओंडका, खांब. मग वर जाऊन अर्थ वाचायचे. खालून वर वाचलं की माल, जनावरं, दस्ता, खुंट, खोडा हे सुटे तुकडे राहत नाहीत, एकमेकांना धरून बसतात. एकदा असे बसले की विसरत नाहीत, म्हणून शब्दसंग्रह पाठ करणाऱ्या मुलांना ही सवय फार उपयोगी.

नावावरून फसू नये म्हणून इथेच सांगून टाकतो. ‘वेब्स्टर’ हे नाव अमेरिकेत कुणा एकाच्या मालकीचं राहिलेलं नाही, कुणीही आपल्या कोशावर छापू शकतं. विश्वासाची परंपरा हवी असेल तर ‘मेरियम-वेब्स्टर’ हे पूर्ण नाव बघा. त्यांच्या छापील कॉलेजिएट कोशात अर्थ काळाच्या क्रमाने असतात, सर्वांत जुना आधी. ‘स्टॉक’ उघडलं की पहिला अर्थ ‘झाडाचा बुंधा’ दिसतो आणि बाजारातल्या मालासाठी बरंच खाली जावं लागतं. शब्दाचा इतिहास समजायला हा क्रम उत्तम, पण घाईत अर्थ बघणाऱ्याला चुकीचा पहिला अर्थ उचलायला लावणारा.

ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी मोफत आहे. डग्लस हार्पर यांनी उभारलेलं हे संकेतस्थळ आहे, आणि ते केवळ मूळ सांगतं. ‘स्टॉक’ टाइप केल्यावर पहिल्याच नोंदीवर थांबू नये, हे सर्वांत महत्त्वाचं. तिथे नामाच्या दोन नोंदी आहेत: पहिली खोडाची, दुसरी साठा आणि पैशाची. क्रियापद आणि विशेषण निराळे. पैशाच्या नोंदीत अर्थाचा दुवा नक्की नाही असं स्पष्ट म्हटलं आहे आणि वर सांगितलेल्या दोन्ही शक्यता दिल्या आहेत. आमचा तिसरा प्रश्न आठवा, त्यात हे संकेतस्थळ पूर्ण गुण घेतं.

वाचताना तीन खुणा ओळखायच्या. शतकाच्या आकड्याआधी ‘अर्ली’, ‘मिड’, ‘लेट’ म्हणजे त्या शतकाची सुरुवात, मध्य, अखेर. वर्षाच्या आधी एकटं ‘सी’ म्हणजे सुमारे. शब्दाच्या डोक्यावर तारा म्हणजे तो शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, अभ्यासकांनी तुलनेवरून रचलेला आहे. खोडाच्या नोंदीतून अशाच एका तारांकित मूळ धातूपर्यंत दुवा जातो, ढकलणं, टोचणं, ठोकणं अशा अर्थाचा, आणि त्या धातूच्या पानावर संस्कृत ‘तुदति’ दिलेलं आहे. ‘इंग्रजी स्टॉक संस्कृतातून आला’ असा याचा अर्थ कुणी काढू नये. दोन्ही एका कल्पित पूर्वजाकडे जातात, एवढंच. तसंच तारखेचंही आहे. ती पहिल्या लेखी नोंदीची असते, शब्द जन्मल्याची नव्हे.

याच संकेतस्थळावर आणखी एक चाचणी घेण्यासारखी आहे. ‘स्टॉकेड’ म्हणजे खांबांचं कुंपण. खांब म्हणजे स्टॉक, म्हणून स्टॉकेड, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो शब्द स्पॅनिश ‘एस्टाकाडा’वरून फ्रेंचमार्गे आला आणि वाटेत त्याचं रूप बदललं. जो कोश स्टॉकेडला गुपचूप स्टॉकच्या घरात ढकलतो, त्याने तपासणी केलेली नाही. ‘स्टॉकिंग’, म्हणजे पायमोजा, तो मात्र खरंच स्टॉकपासूनचा, पाय झाकणाऱ्या कपड्याला स्टॉक म्हणत त्यावरून.

आता मराठी अर्थाचा प्रश्न, आणि इथे बाजारातल्या स्वस्त इंग्रजी-मराठी खिसाकोशांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ‘साठा, माल, भांडवल, गुरेढोरे, वंश’ अशी स्वल्पविरामांची माळ देऊन ते मोकळे होतात. कुठला अर्थ कुठे, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. भाषांतराच्या ॲपला संदर्भाशिवाय नुसता शब्द दिला तरी हेच होतं. ‘तो शेतकरी घराण्यातला आहे’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्यात स्टॉक आला की ‘शेतीच्या साठ्यातून’ असली भाषांतरं निघतात. द्राक्षाच्या तांत्रिक पत्रकात ‘स्टॉक-सायन’ अशी जोडी येते. सायन म्हणजे कलमाची काडी, पण त्याचाच दुसरा अर्थ वंशज, म्हणून भाषांतरात ‘साठा आणि वारस’ येऊ शकतं. मूळ माहीत असलं की चूक जागेवर कळते: दोन्ही शब्द झाडावरून घराण्यात गेलेत, पत्रक मात्र झाडाबद्दल बोलतंय. खुंट आणि काडी सारख्या जाडीचे हवेत, साधारण पेन्सिलीएवढे, नाहीतर सालीखालचे थर एकमेकांना भिडत नाहीत आणि कलम बसत नाही. ही सूचना ‘साठा’ शब्द वापरून वाचली तर हाती काही लागत नाही.

याहून नुकसानीची जागा म्हणजे ‘स्टॉक सोल्यूशन’. 1 ग्रॅम जीए (जिबरेलिक ॲसिड, द्राक्षावर फवारायचं संजीवक) थोड्या अल्कोहोलमध्ये किंवा ॲसिटोनमध्ये विरघळवून पाणी घालत 1 लिटर केलं की 1000 पीपीएमचं, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग जीए असलेलं, स्टॉक सोल्यूशन होतं. 10 पीपीएमची फवारणी करायची तर हे 1 लिटर आणि 99 लिटर पाणी. इथे स्टॉकचा अर्थ आहे ज्यातून पुढचं पातळ द्रावण काढायचं ते मूळ द्रावण. ‘साठ्याचं द्रावण’ असं वाचलं की ते करून ठेवून द्यायचं असा समज होतो, आणि जीएचं द्रावण तर ताजंच वापरायचं असतं. स्वयंपाकातला स्टॉकही असाच मूळ रस आहे, ज्यातून पुढचं सूप निघतं. आपल्याकडे मटणाचं अळणी तेच काम करतं: आधी अळणी, मग त्यातूनच तांबडा आणि पांढरा. ‘स्टॉक’ला ‘अळणी’ हा प्रतिशब्द आमच्या पाहण्यातल्या खिसाकोशांत नाही, आणि सांगली-कोल्हापूरच्या वाचकाला तो एका क्षणात समजला असता.

महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश मोफत शोधता येतात. वापरायची रीत एवढीच, की इंग्रजी शब्द टाकल्यावर येणाऱ्या प्रत्येक ओळीत तो शब्द कुठल्या विषयाच्या कोशातला हे आधी वाचायचं, प्रतिशब्द नंतर. वाणिज्य, अर्थशास्त्र, कृषी यांचे कोश वेगळे, म्हणून उत्तरंही वेगळी. कार्यालयीन मजकुरासाठी याला पर्याय नाही. डेडस्टॉक रजिस्टरला ‘जडवस्तू संग्रह नोंदवही’ म्हणायचं, असले शब्द शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या तपासणीत लागतात. पण उदाहरणं नाहीत, मूळ नाही, आणि शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द मिळेलच असं नाही.

तोंडचा शब्द हवा असेल तर उलट्या बाजूने जावं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, 1857 ची दुसरी आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहे. तिथे शोध नुसत्या मराठी शीर्षशब्दांत न करता पूर्ण नोंदीत करायचा आणि इंग्रजी शब्द टाकायचा. ‘स्टॉक’ टाकलात तर ढीगभर नोंदी येतील, म्हणून ‘ट्रंक’ किंवा ‘स्टंप’ टाका. खोड, खुंट, बुंधा या घरातले शब्द त्यांच्या छटांसकट समोर येतात. इंग्रजी जुनी आहे, पशुवैद्यक आणि कायद्याचे अर्थ कालबाह्य झालेत, पण बागेतला आणि गोठ्यातला शब्द अजून तिथेच भेटतो.

परीक्षेचा विद्यार्थी असेल तर लर्नर्स घ्यावी आणि संकेतस्थळावरची व्युत्पत्ती सोबत वाचावी. घरात एकच कोश ठेवायचा असेल, किंवा शिक्षक, पत्रकार, भाषांतरकार यांच्यापैकी कुणासाठी हवा असेल, तर कन्साइज. तो जुना घेतला तरी चालतो, कारण ‘स्टॉक’सारख्या शब्दाच्या व्युत्पत्तीची ओळ दहा-पंधरा वर्षांत सहसा बदलत नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात मोठ्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे वीस खंड असतील तर एकदा हा शब्द त्यांत जरूर बघावा, प्रत्येक अर्थाखाली सालासकट उतारे आहेत. विकत घ्यायची ती वस्तू नाही.

जुनी प्रत घेताना उच्चाराच्या खुणा उजेडात धरून बघा. बेकायदा छापलेल्या प्रतीत बारीक टाइप आणि उच्चारचिन्हं पुसट, तुटकी येतात. मग ‘एस’ उघडा. इंग्रजी कोशात या अक्षराचा विभाग सर्वांत मोठा असतो. तिथली पानं ओळीने आहेत का, मधला एखादा फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा, गळालाय का हे बघा, आणि कणा उघडताना डिंक सुटल्याचा आवाज आला तर ती प्रत ठेवून दुसरी मागा.